आगेऱ्याचा रविवार

निकोल आठवीत असताना तिची आई जेनेव्हिव्ह गेली. छातीचं दुखणं होतं, फार लांबलं नाही. मरोळच्या गावठाणात घरातलं माणूस गेलं की शेजारपाजारचे डबे येतात. निकोलकडेही ते आले, कुणी डुकराच्या मटणाचं सोरपोतेल दिलं, कुणी नुसता डाळभात. मग एकेक डबा बंद होत गेला आणि घरात दोघंच उरली, निकोल आणि तिचा बाप इसिडोर.

इसिडोर एअरपोर्टवर कार्गोत कामाला होता. बायको गेल्यावर रात्री त्या पलंगावर त्याला झोप येईना, म्हणून त्याने साहेबाला सांगून कायमची रात्रपाळी घेतली. सकाळी यायचा, चहा पिऊन झोपायचा. निकोल शाळेतून यायची तेव्हा तो आंघोळ करून निघायच्या तयारीत असायचा.

"जेवलीस?"

"हो डॅडी."

"कडी नीट लाव."

बापलेकीचं दिवसाचं बोलणं एवढंच. इसिडोर वाईट माणूस नव्हता. पोरीकडे नीट बघितलं की त्याला जेनी दिसायची, म्हणून तो बघायचंच टाळायचा.

गल्लीच्या पलीकडे इसिडोरची मोठी बहीण क्लॅरिस राहायची. नवरा जहाजावर, वर्षातले चार महिने घरी. ती लग्नाकार्याला मैद्याचे गोल फुगे तळून द्यायची आणि मे महिन्यात मिरच्या वाळवून वर्षभराचा बाटली मसाला कुटून विकायची. तिचा मुलगा डेल्रॉय निकोलपेक्षा वर्षाने लहान. दोघं एकाच अंगणात वाढलेली. डेल्रॉय चर्चच्या मैदानावर फुटबॉल खेळायचा. गोलकीपर होता, उंच आणि लांब हातांचा. लहानपणी निकोल विटेवर उभी राहून त्याच्यावर बॉल मारायची आणि तो रडत रडत अडवायचा.

नववीत निकोल नापास झाली. पालकसभेला कुणी जायचं हा प्रश्न असायचा. बाप झोपलेला आणि आंटी कढईपाशी. एकदा निकोलने प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतःच केली. बाईंनी ती ओळखली आणि वर्गासमोर तिला उभं करून म्हणाल्या, "आई नाही म्हणून किती दिवस सांभाळून घ्यायचं?" दुसऱ्या दिवशी तिने युनिफॉर्म घातला, दप्तर घेतलं आणि शाळेच्या रस्त्याला न लागता मरोळ नाका मेट्रोच्या जिन्याखाली जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही तिथेच बसली.

तिथेच तिला गार्गी भेटली.

गार्गी असेल एकोणीस वर्षांची. घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत एक खोली भाड्याने घेऊन राहायची. केस खांद्यापर्यंत कापलेले, नाकात चांदीची बारीक रिंग. दोन-तीन दिवस तिने निकोलला येता-जाता पाहिलं असावं. मग एक दिवस सँडविचचा कागद पुढे करत शेजारी टेकली.

"खा. दोन मागवले, एकच जातं मला. शाळा बुडवलीस ना?"

"तुला काय करायचंय?"

"काय नाय गं. मी पण बुडवायचे. मला कुणी विचारलं पण नव्हतं."

निकोल हसली. गार्गीने आईबद्दल, घराबद्दल काही विचारलं नाही. पुढे निकोलनेच एक दिवस सगळं सांगितलं, आणि गार्गी मधे एकदाही न बोलता ऐकत राहिली. मग तिने निकोलच्या मागे बसून तिची विस्कटलेली वेणी सोडली, बोटांनी गुंता काढला आणि पुन्हा घट्ट घालून दिली. आई गेल्यापासून निकोलच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. पुढे पोलिसांनी, बाल न्याय मंडळाच्या मॅडमनी, सगळ्यांनी तिला एकच विचारलं: तू या लोकांत कशी गेलीस? त्या वेणीबद्दल मात्र तिला कुणाला सांगता आलं नाही.

हळूहळू तिचा दिवस गार्गीबरोबर जाऊ लागला. मेट्रोने घाटकोपर, तिथे खाऊगल्लीत डोसा, दुपारी गार्गीच्या खोलीत पंख्याखाली झोप, नाहीतर स्कूटरवरून पवईच्या तलावाला चक्कर. स्कूटर हर्षदची होती. हर्षद तिशीतला, इस्त्रीचा शर्ट घालणारा, आवाज न चढवता बोलणारा माणूस. बाहेरचं काही खात नसे, चहासुद्धा नाही. गळ्यातला क्रॉस बघून तो निकोलला "सिस्टर" म्हणायचा.

एकदा त्याने तिच्या हातात टिफिनची पिशवी दिली. "सिस्टर, पवईला एक ताई आहे. तिला एवढं देऊन ये ना."

पिशवीत काय आहे हे तिने विचारलं नाही. पण तिला कळलं होतं. गार्गीच्या खोलीत गादीखालच्या पारदर्शक पुड्या तिने पाहिल्या होत्या, रात्र रात्र जागून दात खात बडबडणारी गार्गीही पाहिली होती. एमडी हे त्या नशेच्या पावडरीचं नाव तर गावठाणातल्या पोरांनाही माहीत होतं. तरी ती गेली. शाळेच्या युनिफॉर्ममधल्या, दोन वेण्या घातलेल्या मुलीला रस्त्यात कोण अडवणार? हर्षदने तिच्यात तेवढंच पाहिलं होतं. तिला मात्र वाटलं, आपल्यावर कुणीतरी भरवसा टाकला.

तिला ते काम जमलं. शाळेत जिला काही जमत नव्हतं, ती इथे कधी चुकली नाही. कॉलेजची पोरं, ऑफिसातली माणसं तिची वाट बघत उभी असायची. गार्गीने एकदा तिलाही चाखवलं. छाती धडधडली, जीभ सैल झाली आणि त्या दुपारी निकोल पहिल्यांदाच न रडता आईबद्दल बोलली. आईचं चर्चमधलं गाणं, तिच्या हाताचं तिसऱ्यांचं कालवण. नंतरचे दोन दिवस अंगातलं सगळं कुणी काढून नेल्यासारखे गेले. मग मधून मधून ती घेऊ लागली.

पवईची ती ताई सुरुवातीला हसून "थँक्यू बाळा" म्हणायची. चार महिन्यांनी तिचे गाल बसले. एकदा ती दार उघडून निकोलकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "तू किती लहान आहेस गं. नको येऊस." आणि तरी तिने हात पुढे केलाच. निकोल जिना उतरताना जरा थांबली होती. मग खाली स्कूटरचा हॉर्न वाजला आणि ती निघाली.

घरी तिच्या पायात नवे बूट आले, नवा फोन आला. इसिडोरला वाटलं, क्लॅरिसने घेऊन दिले असतील. क्लॅरिसला वाटलं, इसिडोरने दिले असतील, बरं झालं, पोरीकडे बघायला लागला. दोघंही एकमेकांशी त्यावर बोलले नाहीत. शाळेतून फोन आला तेव्हा इसिडोर झोपेत होता. झोपेतच "हो, बघतो" म्हणाला आणि उठल्यावर विसरला.

डेल्रॉयने तिला पाहिलं ते पवईत. त्याची तिथे मॅच होती. मैदानाच्या कुंपणाबाहेर एका बाइकवाल्याच्या हातात काहीतरी देऊन वळताना निकोलला तो दिसला, पाठीवर किट बॅग, हातात ग्लोव्हज. तो तिच्याबरोबर बसमध्ये चढला. साकीनाका आल्यावर त्याने विचारलं.

"माल विकतेस तू?"

"हळू बोल."

"इसिडोर अंकलला माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगणार नाहीस."

डेल्रॉय खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला पण बघायचंय काय असतं ते."

"वेडा आहेस का? खेळतोस ना तू."

"आमच्या टीममधले दोघं घेतात. मला घाबरट म्हणतात. एकदाच दे ना. नाहीतर सांगतो अंकलला, बघ."

तो खरंच सांगणार नव्हता, हे तिला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. लहानपणापासून डेल्रॉय चहाडी करायची धमकी द्यायचा आणि कधी करायचा नाही. पण निकोल घाबरली होती. बापाने तिच्याकडे बघायचं टाळणं तिला सवयीचं झालं होतं. हे कळल्यावर तो ज्या नजरेने बघेल, ती तिला नको होती. तिला वाटलं, एकदा घेईल, छाती धडधडली की घाबरेल, पुन्हा नाव काढणार नाही. चर्चच्या मागे सायकली ठेवायच्या शेडमध्ये तिने त्याला दिलं आणि शेजारी बसून राहिली. डेल्रॉय घाबरला नाही. हसत सुटला, अनवाणी मैदानाला फेऱ्या मारल्या, परत येऊन तिचे खांदे धरून म्हणाला, "निकोल, उद्या मी एक पण गोल होऊ देणार नाही!"

आठवड्याने तो पुन्हा आला. तिने नाही म्हटलं.

"मग मी त्या स्कूटरवाल्याला विचारतो."

हर्षदकडे हा गेला तर कायमचा गेला, असं तिच्या मनात आलं. निदान आपल्याकडून घेईल तर थोडंच घेईल, आपल्या डोळ्यांसमोर राहील. असं स्वतःला समजावून तिने त्याला पुन्हा दिलं. मग पुन्हा. दर वेळी ती "शेवटचं हां" म्हणायची आणि दर वेळी तो मान हलवायचा.

जूनमध्ये डेल्रॉय टीममध्ये पहिला होता, गणपतीपर्यंत बाकावर बसू लागला. अंगावरचं मांस उतरलं. क्लॅरिसने त्याला डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासलं, टॉनिक आणलं, पायाचं सूप करून पाजलं. काही लागू पडेना. एका संध्याकाळी तिने निकोलला हाक मारून ओट्याशी बसवलं आणि गरम फुगे बशीत वाढले.

"निकोल, तुला काय सांगतो का गो तो? माझ्याशी तर बोलतच नाय. रात्रीचा जागाच असतो. कुणी पोरगी-बिरगी हाय काय?"

"नाही आंटी. तसं काही नाही."

"मग अभ्यासाचं टेन्शन असंल. तू जरा समजाव त्याला. तुझं ऐकतो तो."

"हो आंटी."

क्लॅरिसने तिच्या बशीत आणखी दोन फुगे टाकले. "तू पण किती वाळलीस. खा."

निकोलने ते खाल्ले. पुढे कितीतरी महिने तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची ती त्या खाण्याची.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, सुगीचा सण. गावठाणातली शेतं कधीच गेली, तिथे टॉवर आणि गोदामं उभी आहेत. पण नव्या भाताच्या लोंब्या अजून येतात, वसईकडून कुणी ना कुणी घेऊन येतं. फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि बँड लावून त्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. बायका चौकड्यांची लुगडी नेसतात. त्या वर्षी क्लॅरिसने जेनेव्हिव्हची पेटी उघडून तिचं लाल लुगडं काढलं आणि निकोलला समोर उभं करून नेसवलं. पदर खांद्यावर नीट बसवत म्हणाली, "आई बघत असंल तुझी."

इसिडोरने त्या दिवशी रजा घेतली होती. दाढी करून, कोट घालून तो बाहेर आला आणि दारातच थांबला. कितीतरी दिवसांनी त्याने मुलीकडे सरळ बघितलं.

"जेनीच उभी आहे असं वाटलं," तो क्लॅरिसला म्हणाला. मग निकोलजवळ येऊन त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या महिन्यापासून दिवसपाळी मागतो, काय? संध्याकाळी घरी असेन."

त्याच क्षणी निकोलने मनाशी ठरवलं. उद्या गार्गीला सांगायचं, बस झालं. शाळेत जायचं, बाईंची माफी मागायची, डेल्रॉयला घेऊन डॅडींसमोर बसायचं. तिने हे खरंच ठरवलं होतं, आणि कदाचित केलंही असतं.

मिरवणूक निघायच्या आधी डेल्रॉयने तिला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. लोंब्या बांधलेली काठी पुढे धरायचा मान त्या वर्षी त्याच्याकडे होता. पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि हात स्थिर राहत नव्हते.

"निकोल, दे ना. आहे ना तुझ्याकडे?"

"आज नको, डेल. आज तरी नको."

"काठी धरता येत नाहीये मला. सगळे बघतायत. प्लीज. आजचं शेवटचं."

"सकाळपासून काय खाल्लंयस?"

"दे गं!"

तिच्या पर्समध्ये एक पुडी होती. बँडवाले सूर लावत होते, आंटी दुरून दोघांना हाका मारत होती. निकोलने ती त्याच्या मुठीत दिली. उद्यापासून सगळं बंदच करायचं होतं ना.

ऊन चढलं होतं. मिरवणूक रस्त्याच्या वळणावर आली तेव्हा डेल्रॉयच्या हातातली काठी तिरकी झाली. मागच्यांना वाटलं, मस्करी करतोय. मग तो गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. अंग ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. ट्रम्पेट वाजवणाऱ्याला दिसलं नाही, तो थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला.

रिक्षातून त्याला हॉस्पिटलला नेलं. अंग भट्टीसारखं तापलं होतं. कॅज्युअल्टीतून एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि तिने घाईघाईत विचारलं, "काय घेतलं होतं त्याने? कुठली गोळी, पावडर, दारू? काहीही असेल तर सांगा."

"नाय डॉक्टर," क्लॅरिस म्हणाली. "सकाळपासून पाणी पण प्यायला नाय माझा पोर. उनाने झालं."

"नक्की?"

"तसला मुलगा नाही तो. फुटबॉल खेळतो," इसिडोर म्हणाला.

डॉक्टरीणबाईची नजर सगळ्यांवरून फिरली. निकोलवरही आली. निकोलने खाली बघितलं. दार बंद झालं.

ती जिन्यात गेली आणि गार्गीला फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"मेला नाय ना?"

"गार्गी, ते विचारतायत काय घेतलं. मी सांगते."

"ए, थांब. डोकं ठिकाणावर आहे का? सांगितलंस की पोलीस येणार. तू आत, मी आत. हर्षद तर सोडणारच नाय आपल्याला. मी पण पडले होते गं एकदा, उठले ना? उठेल तो. पाणी चढवतील, उठेल. तू फक्त तोंड बंद ठेव. निकोल? ऐकतेस ना?"

"हो."

"रडू नको. सगळं ठीक होईल."

निकोल जिन्यातच बसून राहिली. आईच्या लुगड्याचा पदर जमिनीवर पडला होता. किती वेळ ती तिथे बसली हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. पोलिसांना तिने एक सांगितलं, मंडळासमोर दुसरं. खोटं बोलायचं म्हणून नाही. तिला खरंच आठवत नव्हतं. वर धावपळ ऐकू आली, कुणीतरी "पुन्हा फिट आली" म्हणालं, आणि तिला क्लॅरिसचा आवाज आला. ती देवाचं नाव घेत नव्हती, नुसतंच "डेल, डेल, डेल" म्हणत होती.

निकोल उठली. दारातून बाहेर येणाऱ्या नर्सचा तिने हात धरला. "सिस्टर, त्याने एमडी घेतलंय. मीच दिलं."

नर्सने तिला दंडाला धरून आत नेलं. डॉक्टरीणबाईने भराभर विचारलं: कधी, किती, याआधी किती दिवस. निकोलने सांगितलं. "हे मघाशी का नाही सांगितलं?" असं विचारून उत्तराची वाट न बघता ती पडद्यामागे गेली.

निकोल वळली तेव्हा क्लॅरिस दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली नाही, मारायला धावली नाही. नुसती बघत राहिली, जणू या लाल लुगड्यातल्या पोरीला ती ओळखतच नव्हती.

डेल्रॉय वाचला. पण बरेच दिवस तो बेशुद्ध होता, आणि जागा झाला तेव्हा उजवा हात उचलत नव्हता, शब्द तोंडात अडकत होते. आधी सांगितलं असतं तर पोर धड राहिला असता का, असं क्लॅरिसने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. फरक पडला असता, किंवा नसताही." निकोलला हे इसिडोरकडून कळलं. ते स्पष्ट हो म्हणाले असते तरी तिने सोसलं असतं, नाही म्हणाले असते तर देवाचे आभार मानले असते. हे मधलंच उत्तर घेऊन जगायचं कसं, ते तिला कळेना.

निकोलने पोलिसांना सगळी नावं दिली. चौकशीत बुटांचा विषय निघाला आणि इसिडोर म्हणाला, "माझ्या बहिणीने घेऊन दिले." लेडी इन्स्पेक्टरने क्लॅरिसला विचारलं होतं, ती म्हणाली होती, भावाने. इसिडोर खुर्चीत पुढे वाकला, दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. निकोलने बापाला आईच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं.

गार्गी त्याच आठवड्यात खोलीवर सापडली. पोलीस स्टेशनात दोघींची एकदाच गाठ पडली. केस मोकळे, डोळे सुजलेले, मनगट लेडी कॉन्स्टेबलच्या हातात. निकोलला वाटलं, शिवी देईल, थुंकेल. गार्गीने तिच्याकडे बघितलं आणि सवयीने विचारलं, "खाल्लंस काय?"

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. निकोल सोळाची म्हणून मुलींच्या निरीक्षणगृहात गेली, गार्गी एकोणीसची म्हणून तुरुंगात. गार्गी सोळाची होती तेव्हा तिला जिन्याखाली कोण भेटलं होतं, हे निकोलने कधी विचारलंच नव्हतं. हर्षद दहिसर चेक नाक्यापलीकडे निसटला. पुढे पकडला गेला म्हणे, पण तोवर पवईत दुसऱ्या कुणाची स्कूटर फिरू लागली होती.

निरीक्षणगृहात पहिले दिवस अंग मोडून यायचं, झोप लागायची नाही. मग निकोल शिवण शिकली, दहावीचा बाहेरून अभ्यास सुरू केला. इसिडोर दर भेटीला यायचा. त्याने दिवसपाळी घेतली होती. समोर बसून तो तिच्याकडे सरळ बघायचा, आणि आता तिलाच खाली बघावंसं वाटायचं.

"आंटी कशी आहे?"

"आहे."

"डेल?"

"चालायला लागलाय. काठी घेऊन."

क्लॅरिस एकदाही आली नाही.

मे महिन्यात मंडळाने सोडलं आणि निकोल घरी आली. गावठाणात मसाल्याचे दिवस होते. अंगणांत मिरच्या वाळत होत्या आणि चटयांवर बसलेल्या बायका तिला बघून बोलायच्या थांबल्या. क्लॅरिसने मान वर केली नाही. पण खिडकीतून एक अडखळता आवाज आला.

"नि... निकोल! आलीस? कुठे... कुठे होतीस इतके दिवस?"

डेल्रॉयचा चेहरा भरला होता. हसताना तोंड एका बाजूला जायचं. त्याला त्या पावसाळ्याचं काहीच आठवत नव्हतं, ना शेड, ना बस, ना मिरवणूक. आईने त्याला सांगितलं होतं, ऊन लागलं आणि मेंदूला ताप चढला. निकोल बोर्डिंगला गेली होती, असंही तिनेच सांगितलं होतं. त्याला निकोल आठवत होती ती विटेवर उभी राहून बॉल मारणारी.

तो रोज तिला हाक मारू लागला. क्लॅरिसने काही दिवस सहन केलं. मग एक दिवस ती निकोलच्या दारात येऊन उभी राहिली.

"मंगळवारी अंधेरीला न्यायचं असतं त्याला, व्यायामाला. माझी ऑर्डर हाय. तूच ने, तो तुझंच नाव घेतो."

"आंटी, मी त्याला सांगू का? खरं काय झालं ते?"

"तुला हलकं वाटावं म्हणून सांगू नको," क्लॅरिस म्हणाली. "तो तुला विचारंल तेव्हा सांग. तेव्हा मात्र खोटं बोललीस तर बघ."

मंगळवारी निकोल त्याला मेट्रोने अंधेरीला नेऊ लागली. ती त्याचा उजवा हात धरून चालायची. तो एकेक शब्द शोधत जुन्या मॅचेस सांगायचा, काही घडलेल्या, काही नुसत्याच मनातल्या. ती हो म्हणायची. असे बरेच मंगळवार गेले.

मग एकदा येताना त्याने विचारलं, "उन्हात... सगळेच होते ना? मग मलाच का... लागलं?"

डब्यात फारशी गर्दी नव्हती. निकोलने त्याच्याकडे बघून सगळं सांगितलं. काही सोडलं नाही. जिन्यात बसून राहिली होती, तेही सांगितलं. डेल्रॉय ऐकत होता. मधेच त्याने विचारलं, "मी... मागितलं होतं?"

"हो."

"आणि तू... दिलंस."

"हो."

तो खिडकीबाहेर बघू लागला. मरोळ नाका आलं तेव्हा तो स्वतःच काठीवर जोर देऊन उठला. निकोलने हात पुढे केला. त्याने धरला नाही. सरकत्या जिन्यापाशी तो थबकला, त्याला भीती वाटत होती हे तिला दिसत होतं. एका अनोळखी बाईने त्याला दंडाला धरून खाली उतरवलं. निकोल मागून चालत आली.

इसिडोरने आठवड्याची सुट्टी मंगळवारची करून घेतली, आणि पुढच्या मंगळवारी डेल्रॉय त्याच्याबरोबर गेला. त्याच्या पुढच्याही. खिडकीतून हाक येईनाशी झाली. क्लॅरिस नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "रागावलाय. बशी फोडली काल. डाव्या हाताने." मग बादली उचलताना म्हणाली, "रागावू दे त्याला."

निकोल सध्या दहावीची पुस्तकं घेऊन बसते. दुपारी एका टेलरिंगच्या दुकानात काज-बटणं करते. तिने तुरुंगात गार्गीला भेटायची परवानगी मागितली होती. गार्गीने नकार कळवला. मंगळवारी इसिडोर आणि डेल्रॉय गल्लीतून निघतात तेव्हा ती दारात येऊन उभी राहते. डेल्रॉय काठी टेकत, पायाखाली बघत तिच्यासमोरून जातो. ती त्याला हाक मारत नाही. ते दोघे वळणाआड जाईपर्यंत ती थांबते आणि मग आत येऊन पुस्तक उघडते. पण वाचायला लागायला तिला बराच वेळ लागतो.